आजोबांची चांदीची फ्रेम

बाबलीने फ्रेम भिंतीवरून काढली तेव्हा फोटोतले आजोबा त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. तसे ते नेहमीच बघत. त्या डोळ्यांच्या भीतीने बाबली लहानपणी पडवीत एकटा थांबत नसे. त्यात मथुराआत्याचा दंडक होता, "फ्रेमीक कोणी हात लावूचो नाय. बाबा रागावतले." वर्षातून एकदा, पितृपक्षात आजोबांच्या म्हाळाला, आत्या शिरोड्याहून येई आणि हार फक्त तीच घाली.

घात केला तो एका पाहुण्याने. बाबलीच्या तोंडवलीच्या घरी पर्यटक उतरत, त्यात गेल्या महिन्यात एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. फ्रेमची वेलबुट्टी आणि कोपऱ्यातले मोर न्याहाळत तो म्हणाला, "चांदीची असेल तर मागे शिक्का असेल. बघून कळवा. पण घासू नका हं. काळपटपणा गेला की किंमतही गेली." यातलं 'चांदीची' एवढंच बाबलीच्या बायकोने, यशोदाने, ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर केलं.

शिक्का काही दिसेना. काळ्या थराखाली असेल, तेवढ्यापुरतं घासू, म्हणून बाबलीने आमसुलाचं पाणी आणि नारळाचं सोडण घेतलं. पण एकदा सोडण हातात आलं की कोकणी माणूस तेवढ्यापुरतं घासत नाही. मागे काही सापडलं नाही म्हणून त्याने पुढून घासलं. मोराची मान आधी पांढरी झाली, मग पिवळीधमक. आत पितळ होतं. आजोबांची चांदी आपण आमसुलाच्या पाण्यात घालवली, आणि उद्या म्हाळ.

तुळशीच्या ग्रीलसाठी आणलेला चंदेरी रंग घरात होता. तो मानेला लावला, तर एकटी मानच चकाकायला लागली. ती लपवायला अख्खा मोर रंगवला, मोर लपवायला अख्खी फ्रेम. भादव्याच्या दमट हवेत रंग वाळायचं नाव घेईना.

दुसऱ्या दिवशी आत्याने हार घातला. झेंडूच्या पाकळ्या फ्रेमला चिकटल्या आणि आत्याची बोटं चंदेरी झाली. तिने बोटांकडे बघितलं, मग बाबलीकडे, आणि मूठ मिटली. ती ओरडली असती तर बाबलीला बरं वाटलं असतं.

मागील दारी कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा माडावर येऊन बसला, पण खाली उतरेना. सगळे उपाशी ताटकळले.

"आजोबांचा कायतरी मनात ऱ्हवला," यशोदा म्हणाली. तिने पानाशेजारी विडी ठेवली. कावळा ढिम्म. "उद्या तुमका बांगडो वाढतंय," तिने हात जोडले. कावळ्याने मान वाकडी केली आणि नेमकं बाबलीकडे बघितलं.

आता सगळ्यांसमोर कबूल केल्याशिवाय सुटका नाही म्हणून बाबलीने तोंड उघडलं, तोच आत्याने त्याचा हात करकचून धरला. डोळे मिटून ती पुटपुटली, ते फक्त त्यालाच ऐकू आलं.

"बाबा, भिवू नकात. कोणाक कळूचा नाय."

कावळा खाली आला आणि त्याने वडा उचलला.

जेवणं झाल्यावर आत्याने बाबलीला विहिरीमागे नेलं.

"आत्ये, मी घासलंय. चांदी गेली."

"चांदी नव्हतीच, तर जातली खंय?" आत्या म्हणाली. "लग्नाआधी मीपण घासलंय. ह्याच सोडणान. बाबांनी बघितल्यानी. माका वाटला, आता पाठ सोलतले. तर बाबाच थरथरूक लागले."

"आजो? कित्याक?"

"आयेक त्यांनी सांगितल्यानी होता, चांदीची म्हणान. बोटीवरसून घेवन इले तेवा. आये वाडीभर सांगान इल्ली. मगे खरा सांगूची कोणाची छाती? त्यांनी गुपचूप मुलामो दिल्यानी आणि नेम घातल्यानी, फ्रेमीक हात लावूचो नाय. आये गेली, बाबा गेले, माझी भीती काय गेली नाय. पितळ कोणाच्या नजरेक पडाक नको, म्हणान हार मीच घालतंय." ती थांबली. "तू कोणाक सांगलंस नाय ना?"

"नाय. पण यशोदान..."

"तिना काय केल्यान?"

तेवढ्यात पडवीतून यशोदाचा आवाज आला. बाबली धावत गेला. ती फडकं भिजवून स्टुलावर चढत होती.

"बचत गटातल्यो बायका येतत चांदीची फ्रेम बघूक. फुला चिकटली हत, जरा पुसतंय."

"हात लावू नको." बाबली फ्रेमच्या आड उभा राहिला. "आजो रागावतलो."

यशोदा कुरकुरत खाली उतरली. बाबलीने वळून फोटोकडे बघितलं. जन्मभर ज्या डोळ्यांना तो भ्यायला, ते रागाने वटारलेले नव्हते. बायको हातात फडकं घेऊन खोलीत आली की माणसाचे होतात, तसे ते झाले होते.