विहिरीतली बिअर

"बिअर कंपनी बनवते, पण नफा फ्रीज बनवतो!" असं गोवर्धन छाती ठोकून सांगायचा. अचलपूरच्या नाक्यावर त्याचं बिअरचं दुकान होतं. छापील भावात सुटायची ती चिल्लर. बाटली थंडगार असली की गिऱ्हाईक वरचे पैसे हसत द्यायचं. पण त्या उन्हाळ्यात कापसाचे चुकारे अडकलेले, त्यात दिवसभर लोडशेडिंग! गरम बिअर घेणार कोण? बायकोनं, वच्छलेनं, बजावलंच होतं, "या महिन्यात नफा नाही दिसला, तं दुकानाले कुलूप लावा अन् माझ्यासंगं वांगे विकाले बसा!"

गोवर्धननं डोकं चालवलं. वच्छलेच्या वांग्याच्या वावरात विहीर होती. पहाटेच सगळ्या बाटल्या पोत्यांत भरून त्यानं विहिरीत सोडल्या. फुकटचा फ्रीज!

संध्याकाळी पोती वर आली. बाटल्या गारेगार, पण पार उघड्याबोडक्या! लेबलं पाण्यावर तरंगत होती. कंपनी एकच, झाकण एकच. आता महागाची स्ट्राँग कोणती अन् स्वस्तातली माइल्ड कोणती?

पहिलं गिऱ्हाईक देवमन. "हे माइल्ड हाय. माइल्डचे पैसे घे."

"कायवरून?"

"मंग स्ट्राँग कायवरून, तूच सांग!"

गोवर्धननं घाईघाईनं केशवरावांना बोलावलं. पिण्यातला एवढा जाणकार नाक्यावर दुसरा नव्हता. त्यांनी बाटली उघडली, घोट घेतला. "माइल्ड!" दुसरी उघडली. "स्ट्राँग!" चौथीला गोवर्धनच्या डोक्यात प्रकाश पडला. उघडलेली बाटली विकायची कोणाला?

"केशवराव, थांबा!"

"थांबू कसा? आत्ता तं जिभेले चव लागून राहिली!"

तेवढ्यात वच्छला आली. "सरका!" म्हणत तिनं बाटल्यांचा ढीग मांडला आणि बाजारातल्यासारखी ओरडली, "एकच भाव! निवडाले भेटनार नाही! स्ट्राँग निंघाली तं तुमचं नशीब!"

भाव दोन्हींच्या बरोबर मधला. नशीब आजमावायला अख्खा नाका लोटला! अंधार पडायच्या आत ढीग साफ. केशवरावांचे घोट वजा करूनही नफा उरला. दुकान वाचलं! गोवर्धनला रडावं की नाचावं कळेना.

सकाळी त्यानं ऐटीत दुकान उघडलं. "बोल देवमन, काय देऊ?"

"तू सरक. वैनीले बोलाव!"

तेव्हापासून गल्ल्यावर वच्छला बसते, बाटल्या मुद्दाम विहिरीत भिजतात आणि वांगी गोवर्धन विकतो. परवा मनकर्णाबाईंनी एक वांगं दाबून पाहिलं, खाली ठेवलं.

"वच्छला नाही आली का?"

"नाही, मी हाय न!"

"मंग मी उद्याच येतो, बावा."