आतल्या खोलीतलं गिऱ्हाईक

"चार माणसांचा म्हणजे नेमक्या कोणत्या चार माणसांचा?" तपासनिसांनी विचारले, आणि त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

तंबूंच्या दुकानातली विक्रेती गोंधळली. "म्हणजे... माणसांचाच, सर."

तपासनीस लिफ्टची तपासणी करणाऱ्या खात्यात होते. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी असली, तरी त्याहून जास्त वजन चढवून, दोर ताणून पाहिल्याखेरीज ते सही करत नसत. त्यांनी पास केलेली लिफ्ट कधी अडकली नव्हती आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. अडचण एवढीच, की घरात येणारी प्रत्येक वस्तू ते त्याच नजरेने पाहत. सहकुटुंब रानात मुक्कामाला जाण्याचे सगळे बेत याच नजरेखाली कोमेजले होते. एका सुट्टीत कॅम्परव्हॅन घ्यायचे ठरले. तपासनीस गाडीखाली शिरून पत्रा ठोकून पाहत होते, तेवढ्यात दुसऱ्याच गिऱ्हाइकाने ती विकत घेतली. गाडी निघून गेली, तेव्हा ते हातोडीसकट उन्हात उताणे उरले.

"हे बघा," बायको आवाज न चढवता म्हणाली, आणि ते अधिक वाईट होते. "आज दुकान बंद व्हायच्या आत तंबू ठरला नाही, तर उद्या मी मुलींना घेऊन दादाच्या गाडीतून जाते. तुम्ही बसा शिवणी मोजत."

"मामाच्या गाडीत फ्रीज आहे," धाकटी म्हणाली.

"तुला कोणी विचारलं?" थोरली खेकसली, पण तिनेही बाबांकडे पाहिले नाही. तपासनिसांना ते न पाहणे लागले.

वरच्या मजल्यावर लांबच लांब दालन होते. एकही खिडकी नव्हती. हिरव्या गालिच्यावर तंबू उभे होते. कुठेतरी एक पंखा फिरत होता, आणि त्याच्या वाऱ्याने कापडे सावकाश फुगत, सावकाश बसत. इथले दिवे माणसांची हालचाल ओळखून लागतात आणि विझतात, एवढे सांगून विक्रेती खाली गेली.

कोपऱ्यातला सर्वांत मोठा तंबू तपासनिसांना बरा वाटला. त्याला पुढे एक मोकळी खोली होती आणि मागे चेन लावलेली आतली खोली. तंबू झोपूनच पाहायचा, आणि तोही सगळ्यांनी एकदम, अशी त्यांची रीत होती. पुढच्या खोलीत चौघे ओळीने आडवे झाले.

"कोणी हलू नका," त्यांनी बजावले. "कापड स्थिर झाल्याशिवाय काही कळत नाही."

कोणी हलले नाही. मग दिवे विझले.

काळोखात पंख्याची घरघर तेवढी उरली. तिच्या खाली आणखी काहीतरी ऐकू येत होते.

"धाकटे, तोंड मिटून श्वास घे."

"मी श्वास घेतच नाहीये, बाबा."

"मग कोण घेतंय?"

उत्तर आतल्या खोलीतून आले. "थोडं डावीकडे सरका. तिथे शिवण कच्ची आहे."

बायकोने तपासनिसांचा हात घट्ट धरला. "कोण आहे आत?"

"गिऱ्हाईक," आवाज शांतपणे म्हणाला. "पलीकडचा निळा घेऊ नका, तळाला ओल धरतो. टोकदार आहे ना, त्याच्या काठ्या वाऱ्यात वाकतात."

"सांधे बघितलेत?" तपासनिसांना राहवले नाही.

"बघितलेत. पुन्हा बघायचेत."

"अगदी बरोबर," ते भारावून म्हणाले. असा माणूस त्यांना आयुष्यात प्रथमच भेटत होता. बायकोने हात सोडला.

"तुम्ही एकटेच आलात का, काका?" थोरलीने विचारले.

"छे गं! घरचे सगळे आहेत. तळ्यावर पुढे गेलेत. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी तंबू ठरवून येतोच." आवाज जरा थांबला. "माझी मुलगी तेव्हा तुझ्याएवढी होती. आता तिची मुलगी तुझ्याएवढी झाली, असं कानावर आलंय."

कापड फुगले आणि बसले.

"पण तुम्ही घाई करू नका, साहेब. निवांत बघा." आतल्या खोलीची चेन एकेक दात सोडत सरकू लागली. "या ना. जागा आहे इथे."

तपासनीस कसे उठले, ते त्यांनाही पुढे सांगता आले नाही. दालनातले सगळे दिवे भपकन लागले, तेव्हा ते जिन्याच्या निम्म्यावर होते आणि दोन्ही मुली त्यांच्या काखोटीला होत्या.

"हा!" गल्ल्याजवळच्या पहिल्याच पिशवीवर हात आपटून ते म्हणाले.

"उघडून दाखवू, सर?"

"नको!"

"अहो," बायको घाबरली, "एकदा बघून तरी घ्या!"

पावती फाडणाऱ्या विक्रेतीला त्यांनी हळूच सांगितले, "वर एक गृहस्थ आहेत. आत."

"हो, ते असतात," ती म्हणाली. "त्यांचं अजून ठरायचंय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तळ्याकाठी नारिंगी तंबू उभा राहिला. जरा कललेला होता, पण तपासनीस खिशात हात घालून गप्प राहिले. मायलेकी पाण्याकडे गेल्या. तेव्हा मात्र त्यांनी ठरवले, की यालाही असलेल्या आतल्या खोलीत शिरून तिची चेन तेवढी एकदा लावून पाहावी. फक्त चेन.

ती लागली. उघडेना.

त्यांनी ओढली, रेटली, दातांवर नख फिरवले. कापड त्यांच्या श्वासाबरोबर फुगू लागले, बसू लागले. बाहेर पावले वाजली.

"आई," धाकटी कुजबुजली, "आत कोणीतरी श्वास घेतंय."

'मी आहे' असे सांगायला तपासनिसांनी तोंड उघडले. पण मुलींच्या सावल्या जिथे टेकल्या होत्या, नेमकी तिथलीच शिवण त्यांच्या नजरेत आली होती, आणि जन्माची सवय आधी बोलली.

"थोडं डावीकडे सरका. तिथे शिवण कच्ची आहे."

बाहेरची पावले दूर जाऊ लागली.

"अगं, मी आहे मी!" तपासनीस ओरडले. त्यांचा आवाज इतका चिरका कुणी ऐकला नव्हता. "पुढे जाऊ नका! मला घेऊन जा!"

पावले थांबली. परतली. "मागे सरका," बायकोचा आवाज आला, आणि भाजी चिरायच्या सुरीचे टोक कापडातून आत शिरले. तिने वरपासून खालपर्यंत एकच सरळ चीर दिली. घामाने निथळणारे तपासनीस त्यातून बाहेर आले. थोरलीने त्यांचा हात धरला, तो सोडलाच नाही.

"नवाकोरा तंबू," बायको लोंबणारे कापड पाहत हळहळली. "उद्याच शिवून घ्यायला हवा."

तपासनिसांनी चिरेकडे एकदा नीट पाहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "एक माणूस आरामात बाहेर येतो. पास."