पास्कोलकाकांचा क्रूस

पास्कोलकाका बोलतात आपल्याशी, पण त्यांची नजर बायकांच्या कानांवर असते. आमच्या मेधाचा आधी भलताच गैरसमज झाला होता. इथे आखातात, सलव्यातल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच शुक्रवारी ते चहाला आले आणि तिला म्हणाले, "वहिनी, डाव्या कानातला खडा हलतोय. पडला तर टाकू नका, बसवू."

'टाकू नका, बसवू' हे त्यांचं पालुपद. काका मूळचे वसईचे. तेल कंपनीत पाइप तपासण्यात त्यांचा जन्म गेला, पण जीव अडकला हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या रत्नजडित क्रुसांत. चित्रं बघून ते तसे क्रूस करतात. लाकडावर तांब्याचा पत्रा ठोकायचा, तारेची नक्षी डकवायची, खडे जडवायचे. खडे पुरवतो सगळा शेजार. फुटकी बांगडी, एकटं उरलेलं कर्णफूल, दापोलीच्या रुखसानाभाभींच्या अबायाचं मोतिया बटण, सगळं चालतं.

"क्रुसावर अबायाचं बटण?" मी विचारलं होतं.

"अरे, तेव्हाच्या लोकांनी रोमन बादशहाचा चेहरा कोरलेला खडा बसवलाय क्रुसावर. मोलाचं असेल ते द्यायचं. कुणाचं, ते विचारायचं नाही."

यंदा काका कायमचे वसईला परत चाललेत. न्यायला त्यांनी एक मोठा क्रूस केला. त्याचं मधलं कोंदण मात्र रिकामं. मेधानं आपला पुष्कराज देऊ केला, तर म्हणाले, "तिथे मार्थाचं माणिक."

मार्था त्यांची बायको. ती वसईत वारली तेव्हा काका इथे ड्यूटीवर होते. तिच्या माणकाच्या कुड्या मुलीकडे, मेलबर्नला.

परवा मी त्यांच्याकडे क्रूस धरून बसलो होतो. मुलीचा फोन आला. काकांच्या हातात चिमटा, म्हणून फोन स्पीकरवर. काकांनी कुड्यांचं विचारलं. ती इंग्रजीत म्हणाली, घर घेताना विकल्या. आणि रडायलाच लागली.

काका हसले. "अगं, खोट्याच होत्या त्या. तुझ्या आईला मी फसवलं, तू सोनाराला फसवलंस. हिशेब मिटला."

ती रडता रडता हसली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खोट्या होत्या?"

"नाही रे. इथल्या पहिल्या पगारातून घेतल्या होत्या. पण पोरीनं कशाला ते ओझं वाहायचं?"

मी क्रूस घट्ट धरला. काकांनी चिमट्यानं कोंदणाच्या कडा एकेक करून आत वळवल्या आणि ते रिकामंच मिटवलं.