मर्विनचा कोबा

मर्विन डॅल्स्ट्राच्या गॅरेजचा कोबा पिठासारखा झडत होता. कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी गाडीवर, हत्यारांवर आणि बुटांना चिकटून थेट स्वयंपाकघरात तीच राखाडी पूड. बायको होती तेव्हा यावरून रोज कटकट व्हायची. आर्लीन गेली, कटकट थांबली, पूड तेवढी राहिली. आयोवातल्या त्या घरात आता मर्विनशी बोलणारा एक रेडिओच होता, आणि तोही बहुतेक मक्याचे भावच सांगे.

फिनिक्सला राहणारी मुलगी कार्ला दर रविवारी फोन करायची. एका रविवारी सांगण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून त्याने कोब्याचा विषय काढला. ती म्हणाली, कुणाला तरी बोलवून दाखवा, पाहणी फुकट असते.

पहिला आला तो इपॉक्सीवाला, म्हणजे कोब्यावर कडक, चकचकीत लेप चढवून देणारा. त्याने गुडघ्यावर बसून कोबा किल्लीने खरवडला, पाणी ओतून ते कसं जिरतं ते पाहिलं. साधा रंग मारलात तर गाडीच्या तापलेल्या चाकांना चिकटून सोलून निघेल, असं त्याने बजावलं. मर्विनने कॉफी पुढे केली. मग त्या माणसाने आपल्या आजारी कुत्र्याची सगळी हकिगत सांगितली आणि जाताना कोपऱ्यात नमुन्याचा एक चौकोन लावून, विचार करून कळवा म्हणाला.

मर्विनने विचार केला. त्याला एवढंच कळलं, की कित्येक महिन्यांनी आज आपल्याला दोन कप विसळावे लागले.

त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसरा कोब्यात मुरणारं द्रावण विकायचा. खालून ओल आली की इपॉक्सीचे पापुद्रे सुटतात, असं त्याचं म्हणणं. मर्विनला ते तंतोतंत पटलं. मग एकमेकींत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या लाद्या घेऊन रोंडा नावाची बाई आली. तिने आधीच्या दोघांनाही खोटं पाडलं आणि मर्विनने बेकरीतून आणलेल्या रुबार्बच्या आंबटगोड 'पाय'चे दोन तुकडे संपवले. मर्विनला तिचंही पटलं. तिघंही पुन्हा पुन्हा येत राहिले, दर खेपेला नवा रंग, नवा नमुना. महिनाभरात कोब्याची गोधडी झाली.

गॅरेजचं दार उघडं असल्यामुळे संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी थबकू लागली. चर्चच्या पाद्रीबुवांना हिरवा आवडला. त्यांच्या बायकोला हिरव्याचा तिटकारा. दोन तट पडले. मर्विनने घडीच्या खुर्च्या मांडल्या. समोरचा ड्वेन फोल्कर्स तेवढा कधी आला नाही. तो एकटाच राहायचा. गवत कापायचा, लांबूनच हात वर करायचा आणि आत जायचा.

आता रविवारी फोनवर बापच बोलू लागला. रोंडाची सून, इपॉक्सीवाल्याचा कुत्रा. ही माणसं म्हाताऱ्याला गंडवताहेत, अशी कार्लाची खात्री झाली. तिने परस्पर शहरातल्या एका कंपनीला काम सांगून टाकलं. एका सकाळी ट्रक दारात उभा राहिला. मुलीने भेट दिली आहे म्हटल्यावर मर्विनला नाही म्हणवेना. तो स्वयंपाकघरात बसून घासणीच्या यंत्राची घरघर ऐकत राहिला. एकेक चौकोन भुगा होऊन गेला.

फरशी झाली मात्र आरशासारखी. संध्याकाळी लोक आले, "छान झालं हो," म्हणाले आणि पुढे गेले. झालेल्या गोष्टीवर मत काय देणार? मर्विनने खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या.

"आता धूळ नाही ना, बाबा?" कार्लाने विचारलं.

"कणभरही नाही," तो म्हणाला आणि रेडिओवर ऐकलेले मक्याचे भाव सांगू लागला.

त्यानंतर एका दुपारी दारावर टकटक झाली. ड्वेन उभा होता, हातातली टोपी चुरगाळत.

"तुला या कोब्यातलं बरंच कळतं म्हणतात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माझा जरा बघतोस का? फार धूळ होते."

दोघे रस्ता ओलांडून गेले. ड्वेनने दार वर केलं. आतली फरशी गुळगुळीत होती, करड्या इपॉक्सीची, चांगली जुनी आणि कुठेही न सुटलेली. कडेला ओट्यावर कॉफीचा थर्मास आणि दोन कप काढून ठेवले होते. ड्वेनचे कान लाल झाले होते.

मर्विन सावकाश गुडघ्यावर बसला. त्याने फरशीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. ते त्याने पँटला पुसलं.

"अवघड आहे रे," तो म्हणाला. "एका दिवसात सांगता यायचं नाही. उद्या पुन्हा येऊन बघायला लागेल."

"घाई नाही," ड्वेन म्हणाला आणि कॉफी ओतू लागला.