ताटावरची देखरेख

शिंपीमामांच्या बायकोच्या किडन्या थकल्या, तेव्हा रुग्णालयाने तिच्या जेवणाची जबाबदारी शिरावर घेतली. घेण्याची रीत अशी, की आधी मीठ काढून घेतलं, मग केळी, मग टोमॅटो. बटाट्याला परवानगी मिळाली. पण चिरून, भिजवून, उकळून, पाणी ओतून दिल्यावर. एवढं सोसल्यावर त्यालाही आपण बटाटा असल्याचं आठवत नसे.

मामी जेवेना. मामांनी तिचे कपडे दोनदा उसवून आत घेतले. तिसऱ्यांदा घेतले असते तर नुसत्या शिवणीच उरल्या असत्या. डायलिसिसवर अंगात बळ हवं, खायलाच हवं, असं आहारवाल्या बाईंनी बजावलं आणि मामीला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी निदान केलं: रुग्ण जेवत नाही म्हणून उदास आहे, सबब आवडीचं खावं. आवडीचं काय चालेल, हे विचारायला परत आहारवाल्या बाईंकडे. या फेऱ्यांनी भूक लागेल, अशी मामांना आशा होती. लागली, पण मामांनाच.

शेवटी दोन्ही विभागांची संयुक्त बैठक झाली आणि रुग्णाने 'प्रसन्न देखरेखीखाली' जेवावं असं ठरलं. घरच्यांनी अंमलबजावणी मनावर घेतली. सून ताटावर नजर ठेवी, नणंद घास मोजी, शेजारीणकाकू "हसत हसत गिळ गं" म्हणून धीर देत. मामा समोर बसून चमच्याबरोबर मान वरखाली करत.

एका दुपारी मामीने चमचा खाली ठेवला.

"अहो, मी जेवले का, याशिवाय मला कुणी काही विचारलंय हल्ली?"

मामांनी घाबरून ताटाकडे पाहिलं.

"तिकडे नाही, माझ्याकडे बघा. त्या जाड्या वकिलाच्या कोटाचं काय झालं?"

मामांनी सांगितलं. वकिलाने कोट घालून पाहताना पोट आत ओढलं, सोडलं, आणि बटण सुटून थेट त्याच्याच चहात पडलं. मामी खळखळून हसली. हसता हसता दोन घास गेले.

काकूंनी ही प्रगती उत्साहाने रुग्णालयात कळवली. तिथून तातडीची सूचना आली: हसताना ठसका लागण्याचा संभव असल्याने जेवताना बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी मामांनी दोन ताटं वाढली, स्वतःचंही बिनमिठाचं. सगळ्यांना बाहेर काढून दाराला आतून कडी घातली. आतून हसण्याचा आवाज येत राहिला. बाहेर सून, नणंद, काकू दाराला कान लावून एकमेकींना विचारत होत्या, "जेवली का? किती जेवली?"

तुम्हालाही तेच विचारायचंय ना? या, त्यांच्या शेजारी जागा आहे.