चिनी पोथी आणि हौदाची किल्ली

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत घरं बारा होती, हौद एक होता, हौदाला कुलूप एक होतं आणि कुलपाची किल्ली अप्पारावांकडे होती. दोन हजार सोळा सालचा एप्रिल. नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं, तेही आलं तर. शहर मात्र चहूकडून वाढत होतं. मागच्या माळावर सहा मजली इमारत उभी राहत होती आणि तिच्या पाटीवर 'चोवीस तास पाणी' असं ठळक निळ्या अक्षरांत रंगवलं होतं. माणसानं खोटं बोलावं, पण काही धरबंध ठेवावा!

अप्पाराव इतिहासाचे निवृत्त मास्तर. आदल्या वर्षी हौदातलं पाणी चोरीला गेलं तेव्हा गल्लीनं एकमतानं किल्ली त्यांच्या हवाली केली, कारण हा माणूस घर सोडून कुठं जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही निवड आपल्या सचोटीमुळे झाली, असं अप्पाराव समजून होते.

घर न सोडण्याचं कारण एक पोथी होती. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात स्टोव्हच्या पिना आणि फुटक्या चष्म्यांच्या शेजारी ती त्यांना सापडली. फार जुन्या काळी कुण्या चिनी साधूनं लिहिलेली, मग कोणीतरी हिंदीत उतरवलेली. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे पोथीचं आणि साधूचं नाव काही कळलं नाही. अध्याय चार-चार ओळींचे. कोणीही तासाभरात वाचून उठलं असतं. पण अप्पारावांनी तिचं पारायण मांडलं होतं. चौरंग, लाल कापड, उदबत्ती, समोर सतरंजी. नियम दोनच होते. सतरंजीवर बसलेल्यानं अध्याय पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि बसलेल्या सगळ्यांना अर्थ पटल्याशिवाय अध्याय पुरा झाला असं धरायचं नाही. पहिला नियम त्यांच्या आईचा होता. दुसरा त्यांनी स्वतः काढला होता आणि सगळं दुखणं त्या दुसऱ्यात होतं. पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून पानावर हौदाची किल्ली ठेवलेली असे, आणि अध्याय संपेपर्यंत तीही जागची हलत नसे.

पारायणाला दुसरा माणूस एकच, गयासभाई. छावणीत राहणारे, उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर, तीस वर्षांचे दोस्त. दोघं प्रत्येक ओळीवरून भांडत. पोथी चीनची, पण भांडण तिसऱ्या मिनिटाला दौलताबादच्या किल्ल्यावर पोचायचं. फक्त शहराचं नाव काय असावं हा विषय त्या घरात बंद होता. मागं एकदा तो निघाला तेव्हा गयासभाई दोन महिने आले नव्हते, आणि ते दोन महिने अप्पारावांना अन्न गोड लागलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी सतरंजी अंथरायच्या आधीच रत्नमालाबाईंनी नवऱ्याला गाठलं.

"अहो, ऐकलं का? उद्या दहाला जालन्याची मंडळी येणार. योगिनीची सुपारी फुटायची हाय. वीस माणसं. घरात दोन घागरी पाणी हाय. आज टँकर आला की आधी उठायचं."

"उठणार की."

"अध्याय चालू असला तरी?"

"अगं, लेकीपेक्षा अध्याय मोठा हाय का?" अप्पाराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. योगिनी त्यांची एकुलती एक. दोन स्थळं हातची गेली होती. एक तर 'तुमच्याकडं पाण्याचे लई हाल दिसतात' असं तोंडावर सांगून गेलं होतं. हे तिसरं हुकलं तर तोंड कुठं लपवावं, हा प्रश्न अप्पारावांनाही रात्ररात्र जागवत होता.

साडेदहाला अकरावा अध्याय उघडला. पहिल्या तीन ओळी बिनविरोध पार पडल्या. चौथी निघाली: 'जो रांगेत उभा नाही, त्याची पाळी चुकत नाही.'

"सबुरी," अप्पाराव म्हणाले. "धीर धरणाऱ्याला सगळं मिळतं, असं साधू म्हणतोय."

"नक्को भाई, नक्को," गयासभाईंनी मान हलवली. "हे बादशहाला सांगितलंय. रयतेला रांगेत उभंच करू नको. पाणी घरापर्यंत पोचव. मलिक अंबरनं नहर आणली की नाही? चारशे साल झाले, आजही कुठं कुठं वाहते."

"आणि त्याच्याआधी यादवांनी देवगिरीवर टाकी खोदली, ती काय हवा खायला?"

"टाकी गडावरच्यांसाठी. नहर शहरासाठी."

"व्हय का! मग तुघलक दिल्ली उचलून इथं आला अन् तसाच माघारी का गेला? बसला नाय तो रांगेत!"

एवढ्यात दाराशी भामाबाई येऊन उभी राहिली. मागच्या गल्लीत राहणारी, त्या सहा मजली इमारतीवर विटा वाहणारी बाई. हातात रिकामी कळशी.

"गुरुजी, एक कळशी भेटंल का? लेकरू तापानं फणफणलंय."

अप्पारावांनी मान वळवली नाही. तुघलक ऐन परतीच्या वाटेवर होता. त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. त्याचा अर्थ 'अध्याय चालू आहे' असा होता आणि तो आता आजूबाजूच्या तीन गल्ल्यांना पाठ होता. बाई थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

अकराला टँकर आला. फकिरा ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. अप्पारावांचं बोट वर गेलं.

"अहो, टँकर!" आतून रत्नमालाबाई ओरडल्या.

"एवढी एक ओळ राह्यली. फकिराला म्हणावं, पाच मिनिटं."

फकिरानं पाच मिनिटं वाट पाहिली, दहा पाहिली आणि पावतीचं पुस्तक घेऊन दारात आला. "गुरुजी, सही द्या अन् किल्ली द्या. मला मागच्या गल्लीची खेप करायची हाय."

"देतो. आधी सांग, रांगेत नसलेल्याची पाळी चुकत नाही म्हणजे काय?"

आता फकिरा दिवसभर रांगाच बघणारा माणूस. त्याचं मत नसतं तरच नवल. "सोपं हाय की. जो नगरसेवकाचा पाव्हणा असतो, त्याला रांगच नसते. त्याच्या दारात टँकर आपून जातो."

गयासभाई आनंदानं मांडीवर थाप मारून म्हणाले, "ये हुई बात! बस, बसून बोल."

फकिरा सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकला. टेकल्यावर त्याला नियम सांगण्यात आला.

"म्हंजे मी आता उठायचं नाय?"

"अर्थ पटल्याबिगर नाय."

"पटला."

"कोणाचा?"

फकिरा विचारात पडला. त्याला दोन्ही पटले नव्हते. त्याला स्वतःचा पटला होता, आणि तो या दोघांना पटत नव्हता. आता तीन माणसं आणि तीन अर्थ झाले.

साडेअकराला रत्नमालाबाई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. "सकाळी काय म्हणला होतात?"

"बाई, आता तिघं बसलोय. मी एकटा उठलो तर दोघांचा अध्याय मोडतो," अप्पाराव हात जोडून म्हणाले. चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं, पण बूड काही हललं नाही. "अर्ध्या तासात संपवतो."

"बाबा, किल्ली तरी द्या!" योगिनी म्हणाली.

"पानावरची खूण हाय बेटा ती."

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं पदर खोचला, बाहेर गेली आणि त्या सहा मजली इमारतीवर राखणीला असलेल्या सोनाजीला हाक मारली. खोलीतल्या कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं, कारण तेवढ्यात बद्रीनाथ आला होता.

बद्रीनाथ मागच्या गल्लीचा पुढारी. आमचा टँकर अडवून ठेवलाय म्हणून तो ताडताड चालत आला. "मी बसत नाय!" हे त्यानं दारातच जाहीर केलं. त्याला इथली रीत माहीत होती. उभ्याउभ्या त्यानं फकिराला चार शिव्या दिल्या. पण गयासभाई सहज म्हणाले, की महापालिकेपेक्षा मलिक अंबर बरा, आणि बद्रीनाथला ते सोसवलं नाही. त्याचा पक्ष महापालिकेत सत्तेवर होता.

"काय बोलता चाचा! आमची मोठी पाइपलाइन मंजूर हाय."

"दहा साल से मंजूर है."

"त्याला टेंडर लागतं! अंबराला टेंडर काढावं लागलं व्हय? ऑडिट होतं का त्याला?" असं म्हणत बद्रीनाथ खाली बसला. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मग जे झालं त्याला वाद म्हणणं म्हणजे वादाचा अपमान आहे. यादव गेले, तुघलक आला, निजामानं रझाकारांना मोकळं सोडलं, धरणात किती टक्के पाणी आणि ते कारखान्यांना किती दिलं, इथवर सगळं निघालं. फकिरानं विचारलं, की अंबराच्या काळात टँकर कोण चालवायचं. त्यावर पाऊण तास गेला. बिचारा साधू चौरंगावर एकटा पडून होता. उदबत्ती विझली. बाहेर बायकांचा गलका, पाण्याचा आवाज, काहीतरी घासत नेल्याचा आवाज येत होता, पण चार माणसं घसा ताणून इतिहास सांगत असताना बाहेरचं काय ऐकू येणार?

एक वाजून गेला. पोटं खपाटीला गेली. तेव्हा सोनाजी दारात येऊन बसला, सतरंजीपासून हातभर लांब. तो अजिंठ्याकडचा, जन्मभर मेंढरं चारली आणि आता राखणदारी करत होता. धोतराचा सोगा ओला होता. कोणी विचारलं नाही, का ओला आहे.

"सोनाजीबुवा, तुम्ही सांगा," अप्पाराव घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि ओळ वाचली.

सोनाजीनं सावकाश डोक्याचं मुंडासं सारखं केलं. "मला पोथीतलं काय कळतंय, गुरुजी. पर उन्हाळ्यात मेंढरं पाण्यावर नेताना मी काठी घेऊन म्होरं चालायचो. मला वाटायचं, कळप माझ्या मागं चाललाय. एकदा मी वाट चुकलो. कळप बरोब्बर पाण्यावर पोचला, अन् मी घंटाभरानं. त्याला पाण्याचा वास येतो, मालक, त्याला रांग लागत नाय. त्याला काठीची गरज नस्ती. काठीला त्याची अस्ती."

गयासभाईंनी चष्मा काढून पुसला. बद्रीनाथनं मान हलवली, फकिरानंही हलवली. दीड वाजता चौघांना एकच अर्थ पटला आणि अकरावा अध्याय पुरा झाला.

किल्ली घेऊन अप्पाराव धावत बाहेर आले. टँकर जागेवर होता. फकिरानं टाकीवर थाप मारली. आतून पोकळ, मोठा आवाज आला.

"रिकामा हाय!"

अप्पाराव मटकन ओट्यावर बसले. बद्रीनाथ चहूकडं संशयानं बघत होता. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या.

"कुणी नेलं?" अप्पारावांनी विचारलं.

"कोण जाणे," रत्नमालाबाई बद्रीनाथकडं बघत म्हणाल्या. "आम्ही आत सैपाकात होतो."

अप्पारावांनी लेकीकडं पाहिलं. "योगे, मी चुकलो गं. तुझ्या बापानं हजार वर्षांचं पाणी मोजलं अन् आजचं घालवलं. उद्या त्या लोकांपुढं पेला कशानं भरू?" फकिराच्या पावतीवर त्यांनी सही केली. मग स्कूटर काढली, मागं गयासभाईंना आणि सहा रिकाम्या कॅनना घेतलं आणि भर उन्हात छावणीला निघाले. गयासभाईंच्या अंगणात जुनी विहीर होती. तिच्या तळाला हातभर पाणी उरलं होतं. दोघं म्हातारे रहाट ओढत राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते दोन तास एकमेकांशी वाद न घालता घाम गाळत होते. तीन फेऱ्या झाल्या; पहिल्या दोन फेऱ्यांचं पाणी घरातल्या पिंपात बसलं. अप्पारावांच्या तळव्यांना फोड आले.

साडेचारला शेवटचा कॅन उतरवून त्यांनी हौदाचं कुलूप काढलं, झाकण सरकवलं आणि कॅन तिरपा करता करता थांबले. हौद गळ्यापर्यंत भरलेला होता.

पाण्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. मागं रत्नमालाबाई चहाचा कप घेऊन आल्या होत्या.

"हे कधी?"

"तुमचा तुघलक दुसऱ्यांदा आला तेव्हा. सोनाजीबुवांनी पाइप लावला. बद्रीनाथासमोर सांगता येईना, अन् मग म्हणलं, गाळू द्या जरा घाम."

"अन् कुलूप?"

रत्नमालाबाईंनी पदराच्या गाठीतून एक किल्ली काढून दाखवली. "मागच्या दिवाळीतच करून घेतल्या सगळ्या बायांनी. तुमचं पारायण कधी संपंल त्याचा भरवसा नाय. आधी दोनदा विचारलं तुम्हाला, मान ठिवला. मग उघडलं."

"म्हंजे बारा घरांच्या बारा किल्ल्या?"

"बारा. तुमची तेरावी."

अप्पारावांनी चहाचा घोट घेतला. "मग किल्ली माझ्याकडं ठिवलीय कशाला?"

"असं काय करता? दुसऱ्या गल्लीचं कोणी पाणी मागाया आलं, तर तोंडावर नाय म्हणवत नाय हो. 'किल्ली गुरुजींकडं हाय अन् त्यांचा अध्याय चालू हाय' म्हणलं की माणूस गुमान माघारी जातं. लई सोय झाली तुमच्या पोथीची."

अप्पारावांना एकदम भामाबाईची कळशी आठवली, आणि आपलं वर गेलेलं बोटही.

दुसऱ्या दिवशी जालन्याची वीस माणसं आली, पाणी प्यायली आणि सुपारी फुटली. व्याह्यांनी हौद पाहून कौतुकही केलं. गुरुवारी पुन्हा सतरंजी पडली. बारावा अध्याय निघाला, गयासभाईंनी पहिल्याच ओळीला हरकत घेतली, आणि दारात कळशी वाजली. भामाबाई अप्पारावांच्या बोटाकडं बघत उभी होती. आतून रत्नमालाबाई सवयीनं म्हणाल्या, "बाई, अध्याय चालू हाय, किल्ली..."

अप्पारावांनी पोथी मिटली. पानावरची किल्ली उचलली आणि गुडघ्यावर हात टेकून ते उभे राहिले.

"अरे, अप्पाराव! अध्याय मोडतोय ना!" गयासभाई घाबरून म्हणाले.

"मोडू दे," अप्पाराव चप्पल शोधत म्हणाले. "चल बाई. लेकराचा ताप उतरला का?"