दोन्ही हात मोकळे ठेवा

बोद्दूलसरांच्या मीटिंगला जाताना दोन्ही हात मोकळे ठेवावे लागतात. धोटा कधी अंगावर येईल सांगता येत नाही. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी ठोकळा. आमच्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात आता बिनधोट्याचे नवे माग बसतायत. सरांनी मात्र एक जुना धोटा जपून ठेवलाय, टोकं घासून बोथट केलाय. दर सोमवारी नव्या मागांच्या प्रोजेक्टची मीटिंग सुरू झाली की तो फेकतात. ज्याच्या हातात धोटा, त्यानंच बोलायचं.

"मोबाइल खाली, मान वर! तोंड दाखवून बोला की!" हे त्यांचं पालुपद.

स्वतः कधी बसायचे नाहीत, सारखे टेबलाभोवती फेऱ्या. एकदा धोटा थेट रंगखात्याच्या शेखभाईंच्या चहात. शेखभाई शर्ट झटकत म्हणाले, "सर, मीटिंग है की कबड्डी है?"

"बघा, झोप उडाली की न्हाय!" सर खूश.

मी स्टोअर सांभाळते. मला रजिस्टरात मान घालून बसायची सवय. रविवारी संध्याकाळपासूनच मी रजेची कारणं शोधायचे. शेवटी तडक मालकांकडं गेले. "साहेब, आम्ही माणसं आहोत की माग?" मालक हसले आणि धोटा बंद झाला. हुश्श!

पुढच्या सोमवारी मालक स्वतः येऊन बसले. धोटा कपाटात. पाच मिनिटांत मीटिंगचा बाजार झाला! कोणी मोबाइलमध्ये, दोघं-तिघं एकदम बोलतायत. सरांची मान या तोंडावरून त्या तोंडावर, आणि दरवेळी पोचायला उशीर. मी रजिस्टरात बघतच सांगितलं, "सूत वीस तारखेशिवाय येत नाही. तोवर माग चालू करता येणार नाहीत."

"छान!" सर म्हणाले. "मग उद्याच चालू करू."

सगळे खो खो हसले. सरही हसले, पण सगळ्यांचं बघून, मागाहून. मालक मात्र भडकले. "बोद्दूल, लक्ष कुठाय? असंच चालणार असेल तर प्रोजेक्ट दुसऱ्याकडं देतो."

मीटिंग संपल्यावर मी तणतणत सरांना गाठलं. माझ्या बोलण्याची अशी थट्टा? ते कपाटाशी पाठमोरे उभे राहून धोटा पुसत होते. "सर! अहो सर!" तिसऱ्यांदा तर मी ओरडलेच. ते आपले पुसतायत. वळून मला बघितलं तेव्हा केवढे दचकले!

माझी एकही हाक त्यांना ऐकू आली नव्हती.

"कधीपासनं, सर?" मी समोर जाऊन सावकाश विचारलं.

"तीस वर्षं मागाच्या खटखटाटात काढली, मॅडम. कान गेले की. तोंड दिसलं तर सगळं कळतंय. कोण बोलतंय तेच कळत न्हाय, म्हणून हे." त्यांनी धोटा दाखवला. "साहेबांना सांगू नका. नवे माग चालू झालेले तेवढे बघू द्या मला. मग जातो घरी."

मला माझीच इतकी लाज वाटली! धोटा मीच बंद करायला लावला होता.

पुढच्या सोमवारी मी मालकांसमोरच कपाट उघडलं. "साहेब, धोट्याशिवाय मला झोप येते," असं सरळ ठोकून दिलं. धोटा शेखभाईंकडं फेकला आणि मीच ओरडले, "तोंड दाखवून बोला की!"

शेखभाईंनी आधी कप सांभाळला, मग धोटा झेलला. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

फेऱ्या मारता मारता बोद्दूलसर थांबले. त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच खाली बसले.